कपड्याखालचं गाणं

टीव्ही घेऊन आठवडाही झाला नव्हता आणि चित्र गेलं. तेही नेमकं त्या संध्याकाळी.

माझी नणंद सौंसरला दिलेली. तिथल्या बायांच्या भीमगीत मंडळासोबत ती नागपूरला जाऊन गाणी रेकॉर्ड करून आली होती आणि ती त्या दिवशी टीव्हीवर दाखवणार होते. सासूबाईंना मुळीच ऐकू येत नसे. नणंद पाळण्यात असतानाच टायफॉइडनं त्यांचे कान गेले. लेक गाते, हे लोकांनी त्यांना खुणांनी सांगितलेलं. निदान गाताना तरी तिला बघावं, एवढीच त्यांची आस होती. दुपारपासूनच धुवट लुगडं नेसून त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या.

मी शाळेत शिकवून घरी आले, तर टीव्ही झाकणाच्या कपड्याखाली एकटाच बोलत होता. दुपारी जेवायला आल्यावर ह्यांनी तो लावून पाहिला, तेवढ्यात लाइट गेली, आणि बटण तसंच ठेवून हे ड्यूटीवर निघून गेले. मी चिडूनच कपडा ओढला. काच काळीठिक्कर. आवाज स्वच्छ, चित्राचा पत्ता नाही.

हे आले आणि थेट कवेलूच्या छपरावर चढले. आमच्या पांढुर्ण्यात टीव्हीला शिंक आली तरी लोक अँटिना फिरवत.

"आलं का?"

"नाही. आवाज त येऊन राहिला ना, मंग अँटिनाचं काय बिघडलं?"

बायकोचं खरं निघालेलं ह्यांना कधीच आवडलं नाही. अजून थोडा वेळ अँटिना फिरवून खाली उतरले. वायर काढून लावली, स्टॅबिलायझर बदलून पाहिला, टीव्हीच्या पाठीवर दोन थापाही मारल्या. मागची बारीक बटणं पहिल्या दिवशी ह्यांनीच जुळवून दिली होती आणि त्यांना हात लावायची घरात कोणालाच परवानगी नव्हती. म्हणून ह्यांनी स्वतःही तिकडे पाहिलं नाही.

"पिक्चर ट्यूब गेली," मयतीला आल्यासारखा चेहरा करून हे म्हणाले.

तोवर शेजारपाजार घरात मावेना. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला मी नणंदेचा आवाज ओळखला. सगळ्यांचे चेहरे फुलले. सासूबाई काळ्या काचेकडे बघत होत्या, मग आमच्या तोंडांकडे.

"सगळे नुसते बसून काऊन राहिले? लावा ना आता."

काय खूण करावी, कोणालाच सुचेना.

शेवटी त्या स्वतःच उठल्या, टीव्हीच्या मागे हात घातला आणि एक बारीक बटण फिरवलं. चित्र आलं. पुढच्याच रांगेत नणंद, पांढरी साडी, तोंड उघडलेलं. आम्ही थक्क.

"ब्राइटनेस," हे पुटपुटले.

पहिल्या दिवशी ह्यांनी ते बटण फिरवलं तेव्हा चित्र जाताना-येताना सासूबाईंनी पाहिलं होतं. त्यांच्या लेखी टीव्ही चालू-बंद करायचं बटण तेच. दुपारी लाइट परत आली, चित्र दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी ते फिरवून टीव्ही 'बंद' केला होता, लेकीसाठी राखून ठेवायला.

"माही पोर," म्हणत त्यांनी काचेवर हात ठेवला. गाणं संपलं, निवेदिका आली. सासूबाईंनी समाधानानं मान डोलावली, बटण फिरवून काच काळी केली, कपडा नीट घातला आणि पाहुण्यांसाठी चहा मांडायला स्वयंपाकघराकडे वळल्या.

कपड्याखाली नणंदेचं दुसरं गाणं सुरू झालं.

लेक मागे गात होती आणि आई पाठ फिरवून निघाली होती. मग ह्यांनी धावत जाऊन कपडा ओढला, बटण फिरवलं. मी सासूबाईंचा दंड धरून त्यांना परत आणलं. त्यांनी चित्रातल्या लेकीच्या हलत्या ओठांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मी बंद केल्यावरही पोर गाऊनच राहिली होती?"

ह्यांनी मानेनंच हो म्हटलं.