शिवकांता मॅडम समुद्रात उतरतात

“तुम्ही बोललात का हो त्यांच्याशी?” शिवकांता मॅडमनी फोनवर विचारलं.

“बोलून ठेवलंय मॅडम. काही काळजी करू नका,” मी म्हणालो.

मी कोणाशीही बोललो नव्हतो.

परभणीत माझं टूर्सचं छोटं ऑफिस आहे. रेल्वेचं रिझर्वेशन, विमानाची तिकिटं, ग्रुप टूर, सगळं करतो. आमच्या धंद्यात ‘बोलून ठेवलंय’ हे वाक्य दिवसभर चालतं. खिडकीची सीट पाहिजे, बोलून ठेवलंय. गुडघे दुखतात, खालची रूम पाहिजे, बोलून ठेवलंय. आधी हो म्हणायचं, मग सवडीनं फोन करायचा. बहुतेक वेळा जमून जातं. न जमलं तर गिऱ्हाईक तिथं पोचलेलं असतं, आणि पोचलेलं गिऱ्हाईक चालवून घेतं. ही गोष्ट आम्ही एकमेकांना सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असते.

ग्रुप चौघींचा होता. पाथरीच्या एकाच शाळेतल्या शिक्षिका, सगळ्या पन्नाशीच्या आसपास. पुढारी कुलकर्णी मॅडम. त्या मराठी शिकवतात आणि चौघींच्या वतीनं बोलतात. एक गणिताच्या, एक पीटीच्या. आणि चौथ्या शिवकांता मॅडम, भूगोलाच्या. मुलं मार्गी लागली, आता नवरे घरी ठेवून अंदमानला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या ऑफिसात बसून त्या बेट निवडायच्या तेव्हा शेजारचा झेरॉक्सवाला हसणं ऐकून डोकावून जायचा.

“काश्मीर नको,” कुलकर्णी मॅडम म्हणाल्या होत्या. “तिथं स्वेटर घालावं लागतंय. आमाला समुद्रात लोळायचंय.”

“तू लोळ. मी किनाऱ्यावर बसून पेपर तपासते,” गणिताच्या मॅडम म्हणाल्या.

पॅकेजमध्ये ‘सी वॉक’ होता. डोक्यावर मोठं हेल्मेट ठेवतात, वरच्या बोटीतून नळीनं त्यात हवा सोडतात, आणि माणूस शिडीनं उतरून समुद्राच्या तळावर चालतो. पोहता यायची गरज नाही. डोकं कोरडं राहतं, चष्मासुद्धा चालतो. हे सांगितलं तेव्हा शिवकांता मॅडम पहिल्यांदा बोलल्या. “प्रवाळ दिसेल का?” नोकरीला लागल्यापासून त्या मुलांना प्रवाळ शिकवत होत्या. समुद्र मात्र त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. त्या लिंगायत आहेत. त्यांच्यात दीक्षेच्या वेळी गुरू एक लहानसं शिवलिंग देतात, इष्टलिंग. ते कापडात किंवा चांदीच्या डबीत घालून गळ्यात ठेवायचं, रोज तळहातावर घेऊन पूजा करायची आणि कधीही अंगावेगळं करायचं नाही. हल्ली सगळेच पाळतात असं नाही. मॅडम पाळतात. “पाण्यात जाताना हे काढायला लावत नाहीत ना? तेवढं विचारून सांगा. लावत असतील तर मी येत नाही.”

“ही नाही तर आमी पण नाही,” कुलकर्णी मॅडम म्हणाल्या.

म्हणून मी फोनवर हो म्हणालो. खरं कारण एवढंच. ग्रुप मोडू नये.

तिकिटं काढून झाल्यावर मी मुरुगनला फोन लावला. मुरुगन म्हणजे अंदमानातला आमचा लोकल ऑपरेटर, तिथल्या बोटी, हॉटेल, गाड्या पाहणारा माणूस. त्यानं एका वाक्यात सांगितलं, गळ्यात काहीही चालणार नाही. मी मंगळसूत्राचं, देवाधर्माचं सांगून पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, हेल्मेट खांद्यावर टेकतं. गळ्यातला दोरा त्याच्या कडेत अडकू शकतो. आणि खाली काही झालं, हेल्मेट पटकन काढावं लागलं, तर तोच दोरा जीवावर येतो.

म्हणजे हा कोणाचा हट्ट नव्हता. नियम बरोबर होता. मॅडमचंही बरोबर होतं. चूक फक्त मी केली होती.

शेवटी तो म्हणाला, “आप भेज दो. यहाँ आके सब निकालते हैं.”

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. प्रश्न आपोआप सुटणार होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ती बोट आली. मैत्रिणी तयार होऊन उभ्या, मागं लाइन लागलेली, डायव्हर घाई करतोय, आणि मॅडम गळ्याशी हात धरून उभ्या. मी त्यांना तिथंच नेऊन उभं करत होतो. बऱ्याच लोकांना मी असं कुठं कुठं उभं केलं असणार. त्यांनी चालवून घेतलं म्हणून मला कळलं नाही.

मी मोटारसायकल काढली आणि पाथरीला गेलो. मधल्या सुट्टीत चौघी स्टाफरूममध्ये डबा खात होत्या.

“या या,” कुलकर्णी मॅडम म्हणाल्या. “स्वतः आलात म्हणजे विमान रद्द झालं का काय?”

“विमान हाय मॅडम. मी खोटं बोललो होतो.” आणि मी सगळं सांगून टाकलं. सांगताना माझी नजर डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर होती.

कुलकर्णी मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. “लय भारी माणूस हाव तुमी. आमाला समुद्रात नेऊन बुडवायलाच निघाला होता की.”

शिवकांता मॅडम रागावल्या नाहीत. ते जास्त जड गेलं. त्या म्हणाल्या, “तिथं गेल्यावर मी काढलं असतं. सगळ्यांसमोर नाही म्हणणं मला जमत नाही. आणि घरी आल्यावर पूजेला बसले असते तेव्हा काय वाटलं असतं, ते मलाच माहीत.”

मी घाईघाईनं म्हणालो, “मॅडम, काचेच्या तळाची बोट असते. वर बसून खालचं सगळं दिसतं. तुमच्यासाठी ती करतो.”

“काचेतून बघायचं? वर्गातला प्रवाळाचा चार्ट लॅमिनेट केलेलाच हाय.”

पीटीच्या मॅडम तोवर गप्प जेवत होत्या. त्यांनी विचारलं, “शिवे, ते गळ्यातच पाहिजे का? का अंगावर कुठंही चालतं?”

शिवकांता मॅडमना नक्की सांगता येईना. लहानपणापासून गळ्यात होतं, म्हणून गळ्यात. त्यांनी त्यांच्या गावच्या मठातल्या महाराजांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. महाराज शेतात होते बहुतेक, मागं मोटारीचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “दंडावर बांधा की. अंगावेगळं नको आन् नाभीच्या खाली नको, एवढंच बघायचं.”

“आणि खारं पाणी लागलं तर, महाराज?”

“रोज पाणी घालतावच की त्याला. समुद्राचं काय वायलं असतंय का ताई?”

मग कुलकर्णी मॅडमनी डबा पुन्हा उघडला आणि माझ्यापुढं सरकवला.

पण निम्मंच काम झालं होतं. मुरुगननं हो म्हटलं असतं तरी ते ‘हो’ माझ्या जुन्या ‘हो’सारखंच निघायची भीती होती. मी त्याला म्हणालो, जो माणूस यांना पाण्यात घेऊन जाणार आहे, त्याचं तोंड मला बघायचंय. तो वैतागला, पण दोन दिवसांनी मी पुन्हा शाळेत गेलो तेव्हा त्यानं डायव्हरला व्हिडिओ कॉलवर आणलं.

तोवर पीटीच्या मॅडमनी खेळाडू बांधतात तसल्या रुंद इलॅस्टिकच्या पट्टीला आतून कापडाची पिशवी शिवली होती. लिंग पिशवीत, पट्टी दंडावर, वरून घट्ट बाहीचा स्विमिंगचा ड्रेस. कुठंही दोरा लोंबत नव्हता. डायव्हरनं शिवकांता मॅडमना हात वर करायला सांगितले. मग गोल फिरवायला. मग दोन्ही हातांनी हेल्मेट काढल्यासारखं करायला.

“एक, दोन, हात वर,” पीटीच्या मॅडम ऑर्डर द्यायला लागल्या. स्टाफरूमच्या खिडकीत सातवीचा वर्ग गोळा झाला.

पट्टी जागची हलली नाही. डायव्हर म्हणाला, चलेगा, मैं खुद लेके जाऊँगा. मी त्याला नाव विचारलं आणि शिवकांता मॅडमसमोर पुन्हा एकदा तेच बोलायला लावलं.

त्या गेल्या. हैदराबादच्या एअरपोर्टवर चांदीची डबी रिकामी ट्रेमधून गेली. लिंग पदराखाली साध्या कापडात होतं, मशीन काही वाजलं नाही. अंदमानात पहिल्यांदा शिडीवर त्यांचे कान इतके दुखले की त्या वर आल्या. मला ही बातमी कुलकर्णी मॅडमच्या मेसेजवर कळली आणि मी ऑफिसात उभाच राहिलो. थोड्या वेळानं फोटो आला. निळ्या पाण्यात चार हेल्मेट, आणि एकीचा हात स्वतःच्या दंडावर.

परत आल्यावर मॅडम पेढे घेऊन ऑफिसात आल्या. मी विचारलं, “कसं होतं प्रवाळ?”

“आपला चार्ट चुकीचा हाय. त्यात सगळं लालभडक दाखवलंय. खरं बरंचसं मातकट असतं, आपल्या रानातल्या ढेकळासारखं. अन् त्यातून एकदम निळा मासा निघतो.” बोलता बोलता त्यांनी हाताची बोटं माशासारखी हलवली. “पोरांना आता बदलून सांगायलेय.”

त्यानंतर मी ‘बोलून ठेवलंय’ हे वाक्य सोडायचा प्रयत्न करतोय. आधी फोन, मग हो. दोन-तीन ग्रुप त्या उशिरामुळं दुसरीकडं गेले. याउलट परवा सेलूहून एक बाई आल्या, गोव्याला जायचंय म्हणून. पत्ता कुणी दिला विचारलं, तर म्हणाल्या, पाथरीच्या कुलकर्णी मॅडमनी.

“काय म्हणाल्या त्या?”

“म्हणाल्या, खोटं बोलतो, पण स्वतः येऊन सांगून जातो.”

बोर्डावर लिहिण्यासारखी ही जाहिरात नव्हे. मी त्यांना खुर्ची दिली, आणि हॉटेलला फोन लावून स्पीकर सुरू केला.