आधी खांब बघणारे मामू

वायरमन मामूंना बोलावलं की ते लगेच घरात यायचे नाहीत. सायकल भिंतीला लावायचे आणि घराकडं पाठ करून रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडं बघत उभे राहायचे. किती तारा उतरल्या, कोणत्या घराला गेल्या, कुणी आकडा टाकलाय का, हे बघून झालं की मग चपला काढायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा येडाच दिसतो. मी एकदा म्हणालेसुद्धा, "मामू, बिघाड घरात हाय, खांबावर न्हाई." तर म्हणाले, "भाभी, तार घरात संपत न्हाई. दुसऱ्या टोकाला कोन हाय ते बघाया नको का?"

कुरुंद्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची होती. अंगानं वाळकुडे, दाढी पांढरी, खिशाला टेस्टर. काम संपेपर्यंत चहा घ्यायचे नाहीत, पाणीसुद्धा नाही. हात ओला नको म्हणायचे. उन्हाळ्यात घशाला कोरड पडून आवाज बसायचा, तरी घ्यायचे नाहीत. चिडून मी म्हणायचे, "तहानेनं मराल एखाद्या दिवशी." ते म्हणायचे, "तहानेनं मरायला टाइम लागतो. हिला न्हाई लागत." असं म्हणून बोर्डाकडं बोट करायचे. गोड बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि मलाही नाही, म्हणून आमचं बरं होतं.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं लोकांशी भांडण व्हायचं. आमच्याकडं लाईट गेली की जनरेटर लावायची एक सोपी रीत होती. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावायच्या. एक पिन जनरेटरात, दुसरी घरातल्या सॉकेटात. सगळं घर उजळतं. मामू तिला दोन तोंडाची वायर म्हणायचे. ती दिसली की न विचारता पकडीनं कापून टाकायचे. लग्नघरात हळद लागत असताना त्यांनी अशी वायर कापली आणि नवरीच्या काकानं त्यांची कॉलर धरली. मामू म्हणाले, "धरा. पन आधी ऐका. जनरेटरची वीज ह्या वायरीनं घरातून उलटी खांबावर जाती. तिथं मानूस बसलेला असला तर?" काका म्हणाला, "कोन बसलंय तिथं आत्ता?" मामू म्हणाले, "तेच तर. तुमाला ठाव न्हाई अन मलाबी न्हाई."

मला वाटायचं, यांच्या हातून कधी कुणी गेलं असेल, म्हणून एवढं घेऊन बसतात. एकदा विचारलंच. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही भलतंच बोलले. "न्हाई भाभी, कोन्ही मेलं न्हाई. समजायला कोन्ही मरायलाच पायजे का?"

आमच्या मालकांनी हळद पॉलिश करायच्या ड्रमवर उभी हयात काढली. ती धूळ त्यांच्या छातीत बसली. शेवटी नांदेडच्या डॉक्टरनं ऑक्सिजनची मशीन दिली. नाकात नळी घालून दिवसरात्र पडून राहायचं. ती मशीन विजेवर चालायची. जोडीला एक सिलिंडर होता, तो काही तासांचा. लाईट गेली की मी घड्याळाकडं बघत बसायचे. त्या वर्षांत मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

वैशाखात वादळ आलं आणि खांब आडवे झाले. दोन दिवस लाईट नव्हती. सिलिंडर संपत आला. थोरल्या पोरानं, दत्तानं, मंडपवाल्याकडून जनरेटर आणला आणि मामूंना बोलावलं. आमचा खांब उभा होता, तरी ते आधी तोच बघत राहिले. मग जनरेटर पडवीतून उचलायला लावून अंगणाच्या पार टोकाला, खिडकीपासून लांब नेऊन ठेवला. म्हणाले, "याचा धूर दिसत न्हाई, पन भाऊच्या आधी तुमाला झोपवील." तिथून एक लांब वायर सरळ मशीनपर्यंत आणली. घराच्या बोर्डाला हात लावला नाही. मशीन सुरू झाली.

मी म्हणाले, "अन पंखा? घामानं भिजून राहिले ते."

"पंख्याला घराची लाईन लागती. त्याला चेंजओव्हर, म्हंजे लाईन बदलायचा खटका, बसवावा लागतो. मी वसमतला जातो, घेऊन येतो. रस्त्यात झाडं पडलीत, टाइम लागंल."

"तवर काय करू?"

"वारा घाला."

मला राग आला. "घरातला मानूस तडफडून राहिला अन तुमी खांबाची काळजी करता. कोन हाय तुमचं त्या खांबावर?" मामू सायकल घेऊन गेले.

ते गेल्यावर दत्तानं दोन तोंडाची वायर केली. मीच करायला लावली. बोर्डावरची फ्यूजची ग्रीप, ती पांढरी चिनी मातीची, त्यानं काढून फळीवर ठेवली. म्हणजे घर खांबापासून तुटलं. "आई, हिला हात लावू नको," असं सांगून तो पेट्रोल आणायला गेला. पंखा फिरायला लागला. मालकांना डोळा लागला.

दुपारी गल्लीत लाईनमन आला. गजानन त्याचं नाव, आमच्याच भागाचा. शिडी घेऊन खांबाकडं चालला होता. मला वाटलं, लाईट आली असणार, हा शेवटचा हात मारायला आला असणार. आली का ते कसं बघायचं? ग्रीप लावून. आम्ही कायम तसंच बघत आलो. मी फळीवरून ग्रीप घेतली आणि बसवली. जनरेटरचा आवाज थोडा जड झाला. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

शेजारचं घर कुलूपबंद होतं. मामू वसमतहून परत आले तेव्हा त्या घराच्या दारावरचा बल्ब जळत होता, म्हणजे आमची वीज खांबावर गेली होती. तो त्यांनी रस्त्यातूनच बघितला. त्यांचं ओरडणं मला आत ऐकू आलं. "हात लावू नको, गजानन." मग ते अंगणात पळत आले आणि त्यांनी जनरेटर बंद केला.

पंखा थांबला. मशीनही थांबली. मालक जागे झाले आणि माशासारखं तोंड उघडू लागले. मी बाहेर येऊन मामूंना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आत आले, ग्रीप उपसली, दोन तोंडाची वायर ओढून काढून कापली आणि मशीनची तेवढी वायर ठेवून जनरेटर पुन्हा चालू केला. मालकांचे ओठ काळे पडले होते. हळूहळू श्वास ताळ्यावर आला. तेव्हा मामू म्हणाले, "भाऊला दोन-तीन मिनिटं तकलीफ झाली. गजाननला तेवढीबी मिळाली नसती."

गजानन दारात उभा होता. त्याचं तोंड पिठासारखं पांढरं. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाईन बंद करून आला होता, म्हणून बिनधास्त होता. तार हातभर लांब राहिली होती. मग ओरडला, "कोनं केलं हे? आत्ता ऑफिसात जातो. ह्या घराची लाईनच कापायला लावतो."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी मामू बोलले. "मी केलं. सकाळी मीच जोडून गेलो. ग्रीप काढायची राहिली माझ्याच्यानं."

"तुमी? मामू, तुमी?"

"बुढापा हाय बाबा. माफ कर."

गजानन त्यांच्याकडं बघत राहिला आणि थुंकून निघून गेला. ऑफिसात गेला नाही. आमची लाईन राहिली.

मी मामूंना विचारलं, काहून खोटं बोलले. ते भिंतीला भोकं पाडत होते. "मला कोन कापनार, भाभी? तुमची लाईन कापली तर ही मशीन कशावर चालवाल?"

त्यांनी चेंजओव्हर बसवला. लोखंडी पेटी, तिला दांडा. दांडा वर केला की खांबाची लाईन, खाली केला की जनरेटर, मधे काहीच नाही. दोन्ही एकदम लागूच शकत नाही. अंगणात खड्डा करून कोळसा, मीठ भरून अर्थिंग केलं आणि रोज तांब्याभर पाणी घालायला सांगितलं. दत्ताला शिकवलं नाही, मला शिकवलं. आधी घरातली सगळी बटणं बंद, मग जनरेटर चालू, मग दांडा खाली, मग एकेक बटण. माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली म्हणून पेटीवर खडूनं "लाईन" आणि "जनरेटर" असं मीच लिहिलं. सगळं झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. दोन तांबे प्यायले.

गजाननचं चुकलं नाही. मरता मरता वाचलेला माणूस गप्प बसत नाही. गावभर झालं की सगळ्यांच्या वायरी कापणाऱ्या मामूनंच लाईनमनला मारलं असतं. ज्यांच्या वायरी कापल्या होत्या त्यांना तर हवंच होतं. तो लग्नघरचा काका चावडीवर हसून सांगायचा. कामं कमी होत गेली. नव्या घरांना वसमतची पोरं येऊ लागली. मामू सायकलीवरून जाताना दिसायचे, पिशवी रिकामी. कुणी टोचून बोललं तर म्हणायचे, "व्हय, चुकलो." एवढंच.

मालक पुढं सव्वा वर्ष जगले. तेवढे दिवस मी गप्प राहिले, ते समजण्यासारखं आहे. लाईन कापली जाण्याची भीती होती. पण ते गेल्यावरही मी बोलले नाही. तेव्हा मशीन नव्हती, भीती नव्हती. लाज होती आणि कंटाळा होता. आज बोलू, उद्या बोलू. मामू मालकांच्या मातीला आले, खांदा दिला, तेव्हाही त्यांनी काही मागितलं नाही.

मग त्यांची नजर गेली आणि लेकीनं त्यांना परभणीला नेलं. जाण्याआधी आले होते. हातानं चाचपत पेटी बघितली, दांडा वरखाली करून बघितला. मी म्हणाले, "मामू, मी गजाननला सांगून टाकते." ते म्हणाले, "आता काय, भाभी. राहू द्या." मी राहू दिलं. मला तेच ऐकायचं होतं.

यंदा ते परभणीला वारले. आम्हाला दफन झाल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी मी गजाननच्या घरी गेले. तो जेवत होता. उभ्या उभ्याच सांगितलं की त्या दिवशी ग्रीप मी लावली होती, मामू वसमतला होते. त्याचा हात ताटात तसाच राहिला. मग म्हणाला, "काकू, मी त्यांना चार वर्सं सलाम घातला न्हाई. आता तुमी सांगून राहिल्या."

मी तिथून निघाले. घरी आले आणि दत्ताच्या पोरीची वही मागून घेतली. गावात अजून ती गोष्ट हसून सांगतात, म्हणून लिहिते. त्या दिवशी ग्रीप मी बसवली. मामूंनी ती काढली.