मेव्हण्याचा पक्ष आणि बायकोचं मत

आमच्या मेव्हण्यासारखा पक्षाचा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नाही, आणि देवाला आमची दया असेल तर होणारही नाही. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ, गाव माण तालुक्यात. पक्षानं सकाळी जे मानलं ते हा दुपारच्या भाकरीपर्यंत पाळायला लागायचा. पक्ष म्हणाला खादी, तर ह्यानं लंगोटसुद्धा खादीचा शिवला. उन्हाळाभर खाजवत हिंडला, पण म्हणायचा, "दाजी, कातडं कच्चं हाय, इचार पक्का हाय." लोणंदच्या यष्टीत शेजारी विरोधी पक्षाचा माणूस बसला की हा उठून उभा. "बसा की आबा," कुणी म्हटलंच तर, "हुबा हाय तेच बरं. तत्त्वाला टेकू लागत न्हाई." जमिनीच्या सिलिंगचा कायदा आला, तेव्हा आपलं कुसळं उगवणारं माळरान सरकारला द्यायचं म्हणून ह्यानं मामलेदार कचेरीत खेपा घातल्या. जादा जमीनच नव्हती, घेणार काय? "आमाला मोजलंच न्हाई गड्या," म्हणून रुसून बसला, जेवेना. हसू येतं. पण पक्ष म्हणाला जातपात पाळू नका, तेव्हा भाषणाला टाळ्या वाजवणारे आपापल्या घरी गेले आणि हा एकटा खालच्या वस्तीत पंगतीला बसला. भावकीनं लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. त्याबद्दल मात्र ह्याच्या तोंडून कधी चकार शब्द ऐकला नाही.

बहिणीचं मत तर तो माहेरचंच धरायचा. निवडणूक लागली की चोळीचा खण घेऊन दारात हजर. आणीबाणी उठल्यावरच्या निवडणुकीत आमच्या हिनं आधी खण घेतला, घडी करून ठेवला, आणि मग म्हणाली, "दादा, ह्या खेपेला मत न्हाई मिळायचं."

"का गं?"

"माझ्या बिनलग्नाच्या चुलतदिराला बाजारातनं जीपमधी घातला आन् आपरेशन करून सोडला. कुणाच्या राज्यात?"

"एका पोरापायी पक्ष सोडतीस?"

"तू सोडू नगं. मी कवा धरला व्हता?"

मला हसू फुटलं, तिथंच घात झाला. मेव्हणा तरातरा उठला. "तायडे, चुकलं म्हण, तवाच ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकीन." ती कसली म्हणते! दोघं एकाच आईची.

दिवाळी आली. भाऊबीजेला ही सकाळपासून ताट करून बसली. जेवेना. दिवस कलला तरी भावाचा पत्ता नाही. आता ही रडणार, असं मला वाटलं, तोवर हा अंगणात येऊन उभा.

"दाजी, पाट भाईर द्या. शपथ उंबऱ्याची हाय, अंगणाची न्हाई."

ही ताट घेऊन धावतच बाहेर आली. ओवाळताना म्हणाली, "चुकलं म्हणायची न्हाई हां मी."

"नगं म्हणू. मांडी दुखतीया, बिगी बिगी ववाळ."

पुढं दर दिवाळीला तेच. ती चुकलं म्हणेना, हा आत येईना.

ही गेली त्या दिवशी तो आला. दारात जरासा थांबला, मग उंबरा ओलांडून सरळ आत गेला आणि तिच्या उशाशी बसला. "तायडे, आमी पडलो," म्हणाला. "तू निवडून आलीस."

आता भाऊबीजेला तो थेट आत येऊन बसतो. मला ते सोसत नाही. मी पाट उचलून अंगणात नेतो.