रेडिओतली चंदेरी घडी
नातीच्या चॉकलेटचा चंदेरी कागद हातात आला की मला जामखेडचा आमचा रेडिओ आठवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि हे हंगामासाठी साखर कारखान्यावर गेले होते. दिवाळीआधी मी सेल काढून त्यांचा रेडिओ लख्ख पुसला, तर तो बोलेचना. सेल उन्हात ठेवून पुन्हा घातले, तरी गप्पच. सासूबाई म्हणाल्या, “सेल ढिला हाय म्हनून त्यानं चंदेरी कागदाची घडी बसवली हुती. टाकली का काय?” मी उकिरड्याकडे धावले. घडी सापडली, गाणं लागलं. “मोठा कर,” त्या तोंड फिरवून म्हणाल्या, “त्यो असला की मोठाच लावतो.” आता दोघंही नाहीत, रेडिओही नाही, तरी चंदेरी कागद मिळाला की माझी बोटं त्याच मापाची घडी घालतात.