खिडकीवरची टिकली

"राहता कुठे?" फोन हातात घेण्याआधी ते प्रत्येकाला हेच विचारायचे. बिघडलाय फोन, याला पत्ता कशाला हवा, असं तुम्हालाही वाटलं असतं. मला तर रागच आला होता.

कोपर स्टेशनबाहेर एका जिन्याखाली त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मी आईचा फोन घेऊन गेलो होतो. मी ठाण्याला ऑफिसात, आई दिवसभर घरी एकटी, त्यात तिला मधूनच चक्कर येते. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी दोनलाच बंद पडायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. नवीन बॅटरी टाका, म्हटलं.

त्यांनी फोन एक दिवस ठेवून घेतला. संध्याकाळी म्हणाले, "बॅटरी ठणठणीत आहे. तुमच्याकडे रेंज कमी असणार. फोन दिवसभर टॉवर शोधतो आणि दमतो. घर दाखवा." आता हे काहीतरी नवीन गळ्यात मारणार, अशी माझी खात्रीच झाली.

घरी त्यांनी आईला विचारलं, फोन ठेवता कुठे? आईने अभिमानाने लोखंडी कपाट उघडलं. मी ऑफिसला गेलो की फोन साड्यांच्या घडीत जायचा. लेकाने घेऊन दिलेली वस्तू, वाजली की काढायची. मी कपाळाला हात लावला. ते मात्र हसले नाहीत.

"आजी, जपलात छान. पण आत त्याला रेंजच मिळत नाही."

मग फोन धरून ते घरभर फिरले, अगदी मोरीपर्यंत. शेवटी ओट्याशेजारच्या खिडकीत थांबले. नेटवर्क फोरजीवर पक्कं केलं, म्हणजे फोन उगाच फाइव्हजीमागे धावणार नाही. आईकडून एक टिकली मागून घेतली आणि खिडकीच्या चौकटीवर चिकटवली. फोनची जागा ही, म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

महिन्याभराने दुपारी साडेतीनला ऑफिसात माझा फोन वाजला. आईला ओट्याशी चक्कर आली होती, ती खाली बसली होती, आणि हात वर केल्यावर टिकलीपाशी फोन सापडला होता. मी शेजारच्या वहिनींना कळवलं, त्यांनी डॉक्टरांना आणलं. आई वाचली ती त्या माणसामुळे, हे मी कुणालाही सांगेन.

त्यालाच सांगायला मात्र उशीर केला. आज जाऊ, उद्या जाऊ करत पंधरा दिवसांनी पेढे घेऊन गेलो, तर जिन्याच्या कामासाठी दुकान पाडलेलं. शेजारच्या फुलवालीला विचारलं, ते राहतात कुठे? तिला माहीत नव्हतं. शहाडकडे असतील, म्हणाली. मीही कधी विचारलं नव्हतं.

पेढे घरी आणले. आईने पहिला पेढा खिडकीत टिकलीखाली ठेवला, आणि शेजारी फोन.