अंगारा दाराबाहेर

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या मिरकरवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तर आयसीयूबाहेर मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आमचे हे बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे म्होरके. जाळ्यातल्या शिंगाळा माशाचा काटा पायात घुसला, पाय सुजला, तापाने शुद्ध हरपली. डॉक्टर म्हणाले, "नेहमीच्या अँटिबायोटिकना हे जंतू दाद देत नाहीत. आता एकच औषध उरलंय." बोटीवर जरा कणकण आली की याच अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात, पुढच्या तापाला त्याच. सगळ्यांचं असंच चालायचं. पण एकच औषध! तेही नाही चाललं तर?

कमरेला ग्रामदेवीच्या अंगाऱ्याची पुडी खोचली होती. तो यांच्या कपाळाला लागला असता तर माझा जीव भांड्यात पडला असता. पण सिस्टर सोडेना. गाऊन घाला, हात धुवा, ही पुडी आत न्यायची नाही. माझं डोकंच फिरलं. देवीच्या अंगाऱ्याला कसली आलीय शिवाशिव? मी दार ढकललं.

मागून कुणीतरी मनगट धरलं. हातखंब्याकडची एक म्हातारी, ओळख ना पाळख. "बाय, पल्याडच्या खाटेवर माझा पोरगा हाय. आजच पोट फाडलंय त्याचं. तुझ्या हातानं ते दुखणं त्याच्याकडं गेलं, तर मी काय करू?" आणि तिने माझ्यापुढे हात जोडले.

मला रडूच फुटलं. इतके दिवस मी देवीला 'माझा माणूस, माझा माणूस' एवढंच सांगत होते. म्हातारीने मला बाकावर बसवलं. "गाऱ्हाणं घाल. गुरव नाय तर नाय, व्हय म्हणाया मी हाय ना." पुडी मुठीत धरून मी म्हटलं, "आई, यांना आता तूच बघ. आणि यांचं दुखणं दुसऱ्या कुणाला जाऊ देऊ नको. त्या पोराला तर नकोच नको."

"व्हय म्हाराजा," म्हातारी म्हणाली.

मग मी बसले. मी, आणि बसले! जीव तळमळतच होता, खोटं कशाला सांगू? पण दार ढकलायला उठले नाही.

औषध लागू पडलं. ताप सावकाश उतरला. म्हातारीचा पोरगा आमच्या आधी घरी गेला; जाताना तिने लांबूनच हात केला. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिला कुणी पाठवलं होतं, ते मी माझ्यापुरतं जाणते.

अंगारा घरी आल्यावरच लावला. कपाळाकडे हात नेला, तर हे हसून म्हणतात, "हात धुतलेस काय गो?"

धुतले होते. तरी परत धुऊन आले.