पाणी दिलेलं पातं

गडाखालच्या मुक्कामी चुलीसाठी लाकडं फोडताना माझ्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हललं. आमच्या गटप्रमुख सुनंदाताई ओरडल्या, "थांब गं! उडालं तर कुणाच्या तरी कपाळात बसेल. बाजारातली स्वस्तातली कुऱ्हाड ती, टाकून दे."

"ताई, नुसता दांडा वाळून आकसलाय. थोडं थांबा."

मी बाभळीची पाचर तासून दांड्याच्या डोक्यात ठोकली आणि कानशीनं धार काढू लागले.

"लग्नाला उभी करतेस का तिला?" गटातला महेश म्हणाला. सगळे हसले.

मला मात्र राग आला होता. स्वस्त म्हणजे टाकाऊ, हे आपल्याला विकणाऱ्यांनीच शिकवलं. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो, तेव्हा किंमत विचारून देत नाही. पुढची निगा आपली. जी वस्तू आपण दुरुस्त करू शकतो, तिच्यापुरते तरी आपण कुणाचे मिंधे नसतो.

ताईंनी पातं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही. त्यांनी आंब्याचा वाळका ओंडका पुढे सरकवला. मी घाव घातला आणि तो सरळ दुभंगला.

ताईंनी आपल्या पिशवीतून कोयता काढला.

"याचीही मूठ हलतेय गं. कशी बसवायची, दाखव."